ढोलीतला कोल्हा

रिना नागपूरला नोकरीला गेली तेव्हा हातातलं गेमचं मशीन घेऊन गेली, पण चिलखत घातलेला बोटभर खेळण्यातला कोल्हा घरीच विसरली. तो मशीनला टेकवला की पडद्यावरचा कोल्हा जागा होऊन उडी मारायचा. एटापल्लीच्या घरी बापलेकीच्या कितीतरी संध्याकाळी ती उडी बघण्यात गेल्या होत्या. तिच्या बाबांनी, नानाजींनी, तो धान साठवायच्या ढोलीत, मोठ्या कणगीत, पुरून ठेवला; रोज हात घालून ते तो चाचपून बघायचे. कोल्हा इथे आहे तोवर पोरगी कधीतरी न्यायला येईल, एवढीच त्यांची आशा होती.

एक दिवस तिचा फोन आला. "बाबा, मोठ्या पडद्याचं नवीन मॉडेल घेतलं. कोल्हा बसच्या ड्रायव्हरभाऊजवळ देऊन द्या."

"सापडून नाई राह्यला."

"मंग नवीन घेतो."

"सारखाच राहते का तो?"

"दिसाले सारखा. पण माहा लहानपणापासूनचा खेळ जुन्याच्याच पोटात साठवून आहे ना, बाबा."

त्या रात्री नानाजींनी ढोलीतून कोल्हा उकरून काढला. सकाळी त्यांनी तांदळाच्या पिशवीत कोल्हा घातला आणि बसस्टँड गाठलं.

"काऊन भाऊ, सापडला वाट्टे!" ड्रायव्हर हसला. "रिना तं फोनवर म्हणे, बाबा लपवून बसले."

दुसऱ्या दिवशी फोनवर उडीचा ओळखीचा आवाज आला.

"ऐकलं का, बाबा? जागा झाला!"

"ऐकलं. तू कधी येशीन?"

"सुट्टी भेटली का येतो ना."

फोन ठेवल्यावर नानाजींनी सवयीने ढोलीत हात घातला. कोपरापर्यंत नुसतं धानच लागलं.