रंगाखालचे स्क्रू

विमानाच्या वार्षिक तपासणीला आई सवतीचा वाढदिवस म्हणायची. दर मार्चमध्ये बाबांचं विमान ड्वाइट सोबोत्का या मेकॅनिकच्या हँगरमध्ये, विमानांच्या शेडमध्ये, जायचं. त्याची झाकणं उघडली जायची, सीटा बाहेर निघायच्या, आणि काही दिवसांनी बाबा चेकबुक घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे.

"काय मागितलं या वर्षी महाराणींनी?" आई विचारायची.

एका वर्षी महाराणींना ब्रेक हवे असायचे, एका वर्षी इंजिनाचा सिलिंडर. सिलिंडरच्या वर्षी आमच्या मागच्या खोलीचं छप्पर ताडपत्रीवरच राहिलं. आई हे सगळं हसत बोलायची. बाबाही हसायचे. मी लहान होते, मला ते दोघं सुखी वाटायचे.

विमान माझ्यापेक्षा वयाने मोठं होतं. चार माणसांचं, एका इंजिनाचं, पांढऱ्यावर निळा पट्टा. वर्षातून एकदा परवान्याच्या मेकॅनिकने ते उघडून बघायचं आणि उडण्याजोगं आहे असं विमानाच्या वहीत लिहून सही करायची, असा कायदा. सहीची मुदत संपली की विमान जमिनीवर.

बाबा फेब्रुवारीत गेले, दारासमोरचा बर्फ उपसताना. मला जमिनीत घालू नका, माझी राख माझ्याच विमानातून प्लॅट नदीवर सोडा, असं ते गावातल्या प्रत्येकाला सांगून ठेवून गेले होते. म्हणून मी एप्रिलमधला एक शनिवार ठरवला. नातेवाईक येणार होते, माझी मुलगी टेस येणार होती. बाबांचे मित्र हार्लन विमान चालवणार होते, मी शेजारी बसून राख सोडणार होते. फक्त वर्षाची सही मार्चअखेर संपली होती. मी ड्वाइटला फोन केला.

"तपासणी? माझ्याकडे?" तो म्हणाला.

"दुसऱ्या कोणाकडे? तीस वर्षं तुम्हीच करताय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "अठराशे डॉलर. काही निघालं तर त्याचे वेगळे. स्क्रू तू काढलेस तर पाचशे कमी करतो. बापाने शिकवलंय ना तुला?"

शिकवलं होतं. मफिन भाजायचा पत्र्याचा ट्रे घ्यायचा आणि एकेका झाकणाचे स्क्रू एकेका खळग्यात ठेवायचे, म्हणजे कोणता कुठला हा गोंधळ होत नाही. ट्रे आईचा होता. तिने तो परत मागितला नाही, नवा घेतला. शाळेत असताना माझ्या मार्चच्या सुट्ट्या विमानाच्या पोटाखाली उताणं पडून गेल्या. बाबा वरून विचारायचे, "जनेल, सगळी उघडलीस? न उघडलेलं झाकण म्हणजे न विचारलेला प्रश्न." मला ते वाक्य इतकं आवडायचं की पुढे मी ते माझ्या विद्यार्थ्यांनाही ऐकवलं.

बुधवारी सकाळी मी तोच ट्रे घेऊन हँगरमध्ये गेले. सीटा काढल्या, विमानाच्या आतल्या तळाची झाकणं काढली. मग पाठीवर पडून डाव्या पंखाखाली सरकले. पहिल्या झाकणाच्या स्क्रूत पेचकस बसेना. खाच भरलेली होती. मी नखाने खरवडलं. पांढरा रंग निघाला.

दुसऱ्या स्क्रूचंही तेच. तिसऱ्याचंही. झाकणाच्या कडेवरून, स्क्रूच्या डोक्यांवरून, रंगाचा एकच अखंड थर गेला होता, कुठेही तडा नव्हता.

रंग कधी दिला ते मला ठाऊक होतं. आईचा आजार कळला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. आई खुर्ची टाकून बसली होती आणि "महाराणींना नवी साडी" असं काहीसं म्हणाली होती. त्यानंतर आईची दोन वर्षं दवाखान्यात गेली, मग आई गेली, मग बाबा एकटे राहिले. या सगळ्या वर्षांत विमान दर मार्चला पास झालं होतं. आणि या सगळ्या वर्षांत हे झाकण कोणी उघडलं नव्हतं.

मी टोकदार सुई मागून घेतली आणि एकेक खाच साफ केली. ड्वाइट इंजिनापाशी उभा होता. त्याने सुई दिली, कशाला हवी ते विचारलं नाही.

झाकण सैल झालं तसा आतून माझ्या छातीवर एक गोळा पडला. उंदराचं घरटं. मक्याची साल, दोऱ्या, आणि मागच्या सीटमधला पिवळा स्पंज. वास असा आला की डोळ्यांत पाणी आलं. मी टॉर्च लावून आत पाहिलं. पंखाला आधार देणारी जी मुख्य पट्टी असते, खांद्यापासून टोकापर्यंत जाणारी, तिच्यावर पांढरी भुकटी जमली होती. बोट लावलं तर पापुद्रे सुटले.

"उंदरांचं मूत," ड्वाइट वाकून म्हणाला. "ॲल्युमिनियम खातं. लगेच साफ केलं तर काही नाही. वर्षानुवर्षं राहिलं तर हे असं."

"किती लागतील?"

"विमानाच्या किमतीएवढे. कदाचित जास्त. पंख उतरवावा लागेल."

मी पंखाखालून बाहेर आले. अंगावरची घाण झटकली.

"चार वर्षं सही कोणी केली, ड्वाइट?"

"नदीपलीकडे एक जण आहे. चारशे डॉलर घेतो. येतो, इंजिन सुरू करून कान देतो, सही करतो आणि जेवायला जातो."

"आणि बाबांना माहीत होतं."

"स्क्रू तोच काढायचा ना दर वर्षी." तो हात पुसत राहिला. "तुझी आई, व्हर्ना, आजारी पडली त्या मार्चला माझ्याकडे आला होता. मी आकडा सांगितला. दोन नंबरचा सिलिंडर गेला होता, पाच हजारांच्या वर जात होतं. म्हटलं, हप्त्याने दे. नाही म्हणाला. म्हटलं, मग वर्षभर उभं ठेव, कुठे पळून जातंय? तर म्हणतो, 'ड्वाइट, ते उभं राहिलं तर मला घरी बसावं लागेल.'"

घरी आई होती. केस गेलेली, उलट्या करणारी. संध्याकाळी मी फोन केला की ती म्हणायची, बाबा जरा मोकळ्या हवेत गेलेत. ती हवा कुठली होती ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मागच्या चार जुलैला," मी म्हणाले, "बाबांनी टेसला वर नेलं."

"हो."

"तुम्ही इथेच होतात. लहान हेडफोन तुम्ही आणून दिलात. तिच्या डोक्यावर तुम्ही बसवलात."

"हो."

"आणि हात हलवलात."

"जनेल, मी काय तुझ्या बापाचा पोलीस होतो? माझ्या हँगरमधून विमान गेलं नव्हतं. वहीत सही होती. मला संशय होता, पुरावा नव्हता." त्याचा आवाज चढला होता, तो खाली आला. "उतरेपर्यंत मी आत गेलो नाही. मान दुखेपर्यंत वर बघत उभा होतो."

"मीही वर बघत होते," मी म्हणाले. "पण मी फोटो काढत होते."

त्याने हातातला फडका खाली ठेवला. मग म्हणाला, "हे बघ, मी अजून काही लिहिलेलं नाही. लिहिलं नाही म्हणजे तपासणी सुरूच झाली नाही. झाकण लावून टाक, आहे तसं वीक. पैसे येतील. मी लिहिलं की ते भंगार."

मी हात पुसले. ट्रे उचलून बाजूला ठेवला आणि धावपट्टीच्या टोकाच्या खोलीत गेले. तिथे बाबांचे मित्र रोज कॉफीला बसतात. टेबलावर दालचिनीचे रोल होते आणि हार्लन शनिवारी कोणत्या वाऱ्याला कसं वळायचं ते इतरांना बोटांनी दाखवत होते. हार्लन जनावरांचे डॉक्टर होते, निवृत्त, मोठ्या आवाजाचे.

"काय म्हणतोय आमचा भटजी?" ते म्हणाले. ड्वाइटला ते सगळे तसंच काहीसं म्हणत, प्रत्येक गोष्टीत पाप शोधतो म्हणून. "नापास केलं? करणारच! त्याला माझ्या बायकोची तपासणी करायला दिली तर तीही नापास होईल."

सगळे हसले.

"पंखाच्या पट्टीला गंज आहे," मी म्हणाले.

"अगं, जुन्या माणसाला संधिवात असतोच. एक फेरी मारायची आहे पोरी, युद्धावर नाही जायचंय. नदीपलीकडच्याला फोन लावू का? दोन तासांत येईल. पैसे मी देतो. ऑरिनसाठी एवढं तर करू दे. त्याची शेवटची इच्छा आहे."

"तो तुम्हालाही माहीत आहे?"

"त्याला कोण ओळखत नाही?"

"तुमच्या विमानाची सही कोण करतं, हार्लन?"

हार्लननी कॉफीत चमचा फिरवला. कॉफीत साखर नव्हती. खिडकीजवळच्या म्हाताऱ्याने रोलचा कागद घडी घालायला घेतला. कोणीच माझ्याकडे पाहिलं नाही, एकमेकांकडेही नाही.

"नातू शनिवारी येतोय ना तुमचा? तुमच्या विमानातून वर नेता ना त्याला?" मी विचारलं.

"जनेल," हार्लन हळू आवाजात म्हणाले, "वीस हजार देतो. आहे तसं. आत्ता चेक लिहितो. फक्त त्याला वहीत काही लिहू देऊ नकोस. शनिवारी मी एकटा जातो वर, तू खाली थांब. तुझ्या बापाला त्याची नदी मिळेल, तुला पैसे मिळतील. कोणाचं काय वाईट होतंय यात?"

त्यांचे डोळे ओले होते. बाबांवर त्यांचं प्रेम होतं, यात मला शंका नाही. मला वीस हजारांची गरज होती, यातही नाही. आईच्या दवाखान्याची बिलं अजून त्या घराच्या मानगुटीवर होती. आणि खरं सांगायचं तर बाबा नदीवर जावेत असं मलाही वाटत होतं. त्या सकाळपर्यंत मी त्यासाठी काहीही दिलं असतं.

मी हँगरमध्ये परत गेले. वही बाबांच्या सीटमागच्या खिशात होती. ती ड्वाइटपुढे ठेवली.

"लिहा."

"नक्की?"

"सगळं लिहा. शाईने."

तो लिहीपर्यंत मी उजव्या पंखाची झाकणं उघडली. तिथेही रंग अखंड होता. तिथे घरटं नव्हतं, एवढंच. बाबांनी दर वर्षी ट्रे आणला असेल का, की तोही घरीच ठेवला असेल, हे मला आता कधीच कळणार नाही. अठराशेतले पाचशे ड्वाइटने कमी केले. बाकीचे मी दिले. तो नको म्हणाला, तरी दिले. इंजिन आणि रेडिओ सुटे विकले, त्यातून दवाखान्याचं एक बिल फिटलं. उरलेला सांगाडा एकाने ट्रकवर घालून नेला, पंख वेगळे, धड वेगळं.

आईने जिवंतपणीच कबरीचा दगड घेऊन ठेवला होता, जोडीचा, दोन्ही नावांचा. बाबा त्यावर नेहमी हसायचे, "तू हो पुढे, मी वरून हात हलवीन." शनिवारी आम्ही त्यांना तिच्या शेजारी ठेवलं. हार्लन आले नाहीत. बाकीचे आले, मागे उभे राहिले, हॅम सँडविच खायला थांबले नाहीत. पाद्रीबुवांनी आकाशाबद्दल काही म्हटलं. माती ओली होती आणि जड पडत होती.

गाडीत बसल्यावर टेसने विचारलं, "आजोबा विमानातून का नाही गेले?"

"विमान नापास झालं, बाळा."

सिग्नल लाल झाला, मी गाडी थांबवली.

"पण मी गेले होते तेव्हा पास होतं ना?"

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"हो," मी म्हणाले.