गोधडीखालचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. म्हसा गावाजवळच्या एका घरात, भाताच्या कणगीशेजारी माझं टेबल आहे. शहापूरच्या टायपिंग क्लासात मी उमेदीची वर्षं काढली. क्लास बंद पडला, तेव्हा अक्षदाने मला मांडीवर घेऊन जीपने घरी आणलं.

अक्षदा भौतिकशास्त्रात संशोधन करते. धातूतल्या अणूंच्या मांडणीत गोंधळ वाढवत नेला, तर लाटेसारखा पसरणारा इलेक्ट्रॉन आपल्याच परतलेल्या लाटांत अडकतो. एका सीमेपुढे वीज वाहायची थांबते. गोंधळाच्या तऱ्हा निराळ्या, त्यांच्या सीमाही निराळ्या. पण सीमेजवळ बदल घडण्याची रीत सगळीकडे एकच असते का, हे तिला तपासायचं होतं. मी अणूंची काल्पनिक जाळी मांडून आकडेमोड करी. लहान जाळ्यांवर दोन तऱ्हांची उत्तरं जुळेनात. खूप मोठ्या जाळ्यावरही जुळली नाहीत, तर तिचं अनुमान खोटं ठरणार होतं.

"भंगारात दे गो ताई, नुसता घरघरतोय," तिचा भाऊ पंकज म्हणायचा.

"घरघरतोय म्हणजे काम करतोय. तू घरघरतोस तो झोपेत!"

ते मोठं जाळं मी सोडवत होतो, तेव्हाच अंगणात भाताची झोडणी सुरू झाली. तुसाची धूळ घरात येऊ लागली. अक्षदाची आई धोंडीबाई धावत आली आणि तिने मला गोधडीत गुंडाळलं. किती मऊ होती ती! पण माझा पंखा कोंडला, अंग तापलं आणि मी बंद पडलो.

अक्षदा मुरबाडहून परतली, तेव्हा धोंडीबाई दारातच उभी होती.

"म्याच झाकला गो बाय. नाकात धूळ जाईल म्हटला. मेला का गो?"

"नाय गो आई. श्वास कोंडला त्याचा."

अक्षदाने पंखा ब्रशने हळुवार पुसला. प्रत्येक टप्प्याचं उत्तर साठवायची सवय तिने मला लावली होती, म्हणून थांबलो तिथूनच पुढे निघालो. काही दिवसांनी दोन्ही तऱ्हांच्या रेषा पडद्यावर एकमेकींवर अलगद बसल्या. अक्षदाचं अनुमान टिकलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा, पण जपताना त्यांना श्वास घ्यायला जागाही ठेवा.

आता झोडणी आली की धोंडीबाई तीच गोधडी खिडकीला टांगते आणि लांबूनच मला विचारते, "बरा हायस ना रे?"

मी घरघरतो.