तांब्याचा कणही नाही

प्रयोग ब्याण्णव टक्के यशस्वी झाला. हे वाचलंत ते विसरून जा. प्रयोगशाळेत तसं काही घडलंच नाही, असं ठरलंय.

तर नव्वदताई. तिच्या प्रयोगांचे आकडे नव्वदच्या खाली कधी उतरले नाहीत म्हणून हे नाव. पाच वर्षं ती एकाच क्षाराच्या मागे होती. या क्षाराच्या मधोमध आयोडीन बसतं, दोन हातांत कार्बनची दोन कडी धरून: एक सुटसुटीत, एक अवजड. समोरच्या रेणूला एक कडं द्यायचं आणि दुसरं घेऊन चालतं व्हायचं, एवढाच त्याचा संसार. कुठलं द्यायचं, हे मात्र वाटणीला बसलेल्या काकांसारखं त्याच्या मर्जीवर.

नव्वदताईचं आयोडीन दर वेळी सुटसुटीतच द्यायचं. तेही धातूचा कण न घालता! ‘धातूविना’ हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकात ठळक होता. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध जमा करायचा होता, त्याआधी सरांना एकदा प्रयोग दाखवायचा होता.

मंगळवारी अवजड कडं आलं.

“हे काय?” सर म्हणाले.

“सर, आज त्याचा मूड...”

“आयोडीनला मूड नसतो. मूड मला असतो.”

बुधवारीही अवजडच. तिने क्षाराची बाटली बदलली, टेबल बदललं, शेवटी अंगातला कोटसुद्धा बदलला. गुरुवारी सकाळी काचेची भांडी घासणाऱ्या मावशी कौतुकाने म्हणाल्या, “ताई, फ्लास्कात गरगरते ना तुझी ती चुंबकाची काळी गोळी? शनिवार-रविवार ॲसिडात भिजवली. बघ, कशी दुधासारखी झालीय!”

नव्वदताईने गोळी उजेडात धरून पाहिली. ही गोळी तिला तिच्याआधी याच प्रयोगशाळेत पीएच.डी. केलेल्या दादाने जाताना दिली होती. तिने त्याला फोन लावला.

“दादा, तू सहा वर्षं कशावर काम केलंस?”

“तांब्यावर. का गं? गोळीत मुरलंय बघ, घासून जात नाही.”

“मावशींनी ॲसिडात भिजवली.”

“गेलं?”

“गेलं.”

“मग पीएच.डी. मावशींना द्या.”

तिने नव्या फ्लास्कात चिमूटभर तांब्याचा क्षार टाकला. सुटसुटीत कडं, ब्याण्णव टक्के. म्हणजे पाच वर्षं धातू होताच. तिलाच तेवढं कळवायचं राहिलं होतं.

सरांनी आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला. “मला काही दिसलं नाही. ऑफिसात जाऊन शीर्षक बदलून ये.”

ऑफिसातला क्लार्क मान वर न करता म्हणाला, “शीर्षक बदलायची मुदत संपली. बाकी काय हवं ते बदला.”

खोटं छापायचं तिच्या जिवावर आलं होतं आणि सोडून द्यायला पाच वर्षं फार होती. तिने तिथल्याच बाकावर बसून अर्ज लिहिला:

“महोदय, शीर्षकात बदल करणे नियमानुसार शक्य नसल्याने, तांबे या मूलद्रव्यास उद्या, शुक्रवारी, सायंकाळी पाच वाजेपर्यंत अधातू म्हणून मान्यता मिळावी, ही नम्र विनंती. त्यानंतर ते पूर्ववत धातू झाल्यास अर्जदाराची काही हरकत नाही.”