टेकून झोपायची खुर्ची

हृदय कमजोर झाल्यापासून प्रयागबाईंना आडवं झोपता येत नव्हतं. पाठ टेकली की दम कोंडायचा. पलंगावर उशा रचून त्या भिंतीला टेकून बसायच्या. डोळा लागला की मान कलंडायची आणि पुन्हा जाग यायची.

दिवाळीनंतर एकदा दवाखान्यातून परतताना त्यांना पाऊल उचलवेना. नवऱ्यानं, मनोहररावांनी, त्यांना जरा टेकायला म्हणून वर्धा रोडवरच्या एका फर्निचरच्या शोरूममध्ये नेलं. सेल्समननं त्यांना समोरच्याच खुर्चीत बसवलं. परदेशी खुर्ची होती. बटण दाबलं की पाठ मागे जायची, पाय वर यायचे. त्यानं हौसेनं ती चालवून दाखवली, आणि प्रयागबाई झोपल्या. खरोखरच झोपल्या, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल.

"उठवतो हिले," मनोहरराव ओशाळून म्हणाले.

"राहू द्या ना काका. गिऱ्हाईक कुठं हाय आता?"

मनोहररावांनी किमतीची चिठ्ठी वाचली आणि वाकून खुर्ची खालून बघू लागले. बसची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात त्यांची सारी नोकरी सीट बसवण्यात गेली होती.

भंगारातून त्यांनी एका गाडीची मागेपुढे होणारी सीट आणली. लोखंडी पाइपाची चौकट जोडून घेतली, पायांसाठी बिजागरीवर फळी लावली, जाड फोम घातला, वर मेंदी रंगाचं रेक्झिन चढवलं. बटणाच्या जागी हँडल. अंगणातली खटखट ऐकून प्रयागबाई दारात यायच्या.

"काहून इतकी मेहनत करून राहिले तुमी?"

"तिथं झोप लागली होती ना वं तुले."

खुर्ची तयार झाली तेव्हा गल्लीतले लोक बघायला आले. प्रयागबाई बसल्या, हँडल ओढलं, डोळे मिटले. सगळे दबक्या पावलांनी निघून गेले. थोड्या वेळानं त्यांना खोकल्याची उबळ आली.

मनोहररावांना वाटलं, पाठ जास्त कलली. त्यांनी ती उभी केली. मग मानेला उशी शिवून आणली, मग फोम बदलला. दर वेळी प्रयागबाई म्हणायच्या, "आता बरं वाटते," आणि डोळे मिटून पडायच्या. पण त्यांची बोटं पदराशी चाळा करत राहायची. ते दिसलं की मनोहरराव पुन्हा पाना शोधायला जायचे. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. पायांवर इतकी सूज आली की चपला होईनात. मनोहरराव खुर्चीतच खोट शोधत राहिले.

संक्रांतीला मुलगी मिनल काटोलहून आली. बसमध्ये उभ्यानं आली होती. "बाबा, ही तुम्ही केली?" म्हणत ती खुर्चीत बसली, हँडल ओढलं, आणि सासरचं काही सांगता सांगता अर्ध्या वाक्यात गाढ झोपली.

प्रयागबाई पलंगावरून तिच्याकडे बघत राहिल्या. मनोहरराव दारात उभे होते, हातात पाना.

"खुर्ची चांगली हाय जी," त्या हळूच म्हणाल्या. "आता नका छेडू तिले."

"मानेपाशी जरासं..."

"नाही जी. खुर्चीत काहीच खोट नाही."

ते आत येऊन पलंगाच्या कडेला टेकले. प्रयागबाईंना धाप लागली होती. मनोहररावांनी पाना खाली ठेवला. पाठीवर हात फिरवावा की पाणी द्यावं, हेही त्यांना सुचेना.