ट्वायला गप्प बसली

ट्वायला कांगसला गप्प बसता येत नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. चर्चमध्ये पाद्री श्वास घ्यायला थांबला तर त्याचं वाक्य ही पूर्ण करून द्यायची. आम्ही दोघी जिल्हा रुग्णालयाच्या मनोरुग्ण विभागात नर्स होतो, आणि तिथं तिचा हा स्वभाव फार कामाला यायचा. कुणी जेवणाचं ताट भिरकावलं, कुणी दारावर धडका द्यायला लागलं, की आम्ही ट्वायलाला पुढं करायचो. ती शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. तळ्यातला बर्फ, यंदाचे मासे, तिच्या नवऱ्याची बर्फावर चालवायची, सदा बिघडलेली स्नोमोबिल. बोलून बोलून ती माणसाला इतकं दमवायची की तो निमूट गोळी घेऊन आडवा व्हायचा.

मग आमच्या भागातले एकुलते एक मानसोपचारतज्ज्ञ निवृत्त झाले आणि थंडीला कंटाळून ॲरिझोनाला निघून गेले. त्यांच्या जागी मिनेसोटाच्या या टोकाला यायला कुणी तयार होईना. पेशंटांना अर्धा दिवस गाडी हाकत शहरात जावं लागे, आणि उन्हाळ्यात नाव नोंदवलं तर नंबर लागेपर्यंत बर्फ पडायला लागलेला असे. नर्सनं पुढचं शिक्षण घेतलं, मानसिक आजारांची नर्स प्रॅक्टिशनर झाली, तर तिला स्वतः निदान करता येतं, औषधं लिहून देता येतात. ट्वायलानं एका दुपारी डबा खाताखाता जाहीर केलं की आपण दोघी हे शिकतोय. मी म्हटलं, मॅव्हिस बर्गच्या डोक्यात या वयात आता काही शिरायचं नाही. मॅव्हिस बर्ग म्हणजे मीच.

"तुझ्या डोक्यात नाही शिरलं तरी चालेल," ती म्हणाली. "वर्गात शेजारी बसून बोलायला मला कुणीतरी पाहिजे."

वर्ग बहुतेक घरच्या संगणकावरच भरायचा. ड्यूटी करायची आणि उरल्या वेळात मेंदूतली रसायनं पाठ करायची. ट्वायलाच्या फ्रिजवर औषधांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटल्या, त्यामुळे आत काय ठेवलंय ते कुणाला सापडेना. तिचा नवरा रेनो अंडी तळताना तिची उजळणी घ्यायचा. "तहान, हात थरथरणं, सारखी लघवी?" तो विचारायचा. "लिथियम," ती आंघोळीतून ओरडायची. रेनो गॅरेजमध्ये मेकॅनिक होता, पण वर्षभरात गावात कुणाचे हात थरथरताना दिसले की तो काळजीनं बघायला लागला.

औषधं तिनं पटापट आत्मसात केली. गाडी अडली ती मुलाखतीत. पेशंटशी बोलून त्याचा आजार कसा ओळखायचा, याचा सराव आम्ही एकमेकींवर करून त्याचं रेकॉर्डिंग पाठवायचो. ते डॉ. रोवेना ॲश्बी तपासायच्या. उंच, सडपातळ, मोजकं बोलणारी बाई. त्यांनी एकदा सगळ्या वर्गासमोर ट्वायलाचं रेकॉर्डिंग मध्येच थांबवलं आणि विचारलं, पेशंट काय म्हणाला? ट्वायला म्हणाली, झोप येत नाही म्हणाला.

"नाही. तो म्हणाला, झोप येत नाही, कारण… आणि त्या कारणाच्या आधी तू त्याला कॅमोमाइलच्या फुलांचा चहा कसा करायचा ते सांगितलंस."

वर्ग हसला. मीही हसले, कारण तो पेशंट मीच झाले होते आणि तो चहा मी नंतर खरंच करून प्यायले होते. पण डॉ. ॲश्बी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नर्स म्हणून माणसाला शांत करणं हे तुझं काम होतं, आणि ते तू उत्तम करतेस. आता त्याला काय झालंय ते तुला शोधायचंय. तू शांत केलेला माणूस मला काहीच सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीला जाताना ट्वायला गाडीत अवाक्षर बोलली नाही. मला वाटलं आता हे सगळं सोडून देते. तिनं सोडलं नाही. उलट घरी सराव सुरू केला: रोज जेवताना रेनोनं बोलायचं आणि तिनं फक्त ऐकायचं. आता रेनो पडला फिन्निश बापाचा फिन्निश मुलगा. त्याच्या घराण्यात लग्नाची मागणीसुद्धा मान हलवून घालतात. त्यामुळे कित्येक दिवस त्या स्वयंपाकघरात फक्त काट्याचमच्यांचा आवाज होता. अखेर एका संध्याकाळी त्या शांततेचा भार सहन न होऊन रेनो म्हणाला की तिनं ट्यूना मासा घालून भट्टीत भाजलेला हॉटडिश त्याला लग्नापासून आवडत नाही. ट्वायलानं मला फोन करून हे सांगितलं, तेव्हा ती रागावली होती की खूश झाली होती, मला नीट कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

जूनमध्ये आम्हाला प्रत्यक्ष परीक्षेसाठी विद्यापीठात जावं लागलं. या परीक्षेत खरे पेशंट नसतात. आसपासच्या गावांतली हौशी माणसं ठरवून दिलेल्या आजाराचं सोंग घेऊन येतात. विद्यार्थी एका खोलीत त्यांची मुलाखत घेतो आणि परीक्षक काचेमागून बघतात. मुलाखत चालू असताना नाटक मोडायचं नाही, हा पहिला नियम.

माझी परीक्षा सकाळीच उरकली होती, म्हणून डॉ. ॲश्बींनी मला काचेमागं बसायची परवानगी दिली. ट्वायलाच्या खोलीत ऑरिन हॅलस्टॅड आला आणि मला हसू आवरेना. ऑरिन आमच्या गावचा, शाळेची बस चालवणारा. लहानपणी ट्वायला त्याच्या बसनं शाळेत गेली, पुढं माझी मुलंही गेली. निवृत्त झाल्यावर त्यानं नाटकाचा नाद लावून घेतला होता. एकदा त्यानं हार्ट अटॅक असा काही वठवला की नव्या विद्यार्थ्यांनी खरी ॲम्ब्युलन्स बोलावली. तो किस्सा तो भेटेल त्याला सांगायचा. अर्थात त्याची बायको आर्डिस गेल्यापासून तो गावात फारसा दिसत नव्हता, त्यामुळे मीही त्याला बऱ्याच दिवसांनी बघत होते. डॉ. ॲश्बींनी ट्वायलाला विचारून ठेवलं होतं, ओळखीचा आहे, चालेल ना? ट्वायला म्हणाली होती, आमच्याकडे अनोळखी कुणी मिळणारच नाही.

आज ऑरिन होता वॉल्टर: हार्डवेअरचं दुकान बंद करावं लागल्यापासून उदास झालेला म्हातारा. आम्ही सगळे बिनबाह्यांच्या कपड्यांत घामानं भिजलो होतो आणि हा लोकरीचं जाड स्वेटर घालून आला. खुर्चीत बसायलाच त्याला केवढा वेळ लागला. आवाज घोगरा, चेहरा सुजल्यासारखा, शब्द एकेक ओढून काढल्यासारखे.

"काय तयारी करून आलाय," डॉ. ॲश्बी माझ्या कानात म्हणाल्या. मीही मान डोलावली.

ट्वायलानं विचारलं, अलीकडे कसं चाललंय? आणि तोंड मिटलं. टेबलाखाली तिनं एका हातानं दुसरा हात घट्ट धरलेला मला दिसत होता. उकळत्या भांड्यावरचं झाकण थरथरावं तसे तिचे ओठ थरथरत होते. पण उघडले नाहीत. ऑरिननं पाठ केलेलं सांगितलं: दुकान गेलं, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही. ती थांबून राहिली. तो खिडकीकडे बघायला लागला.

"पहाटे जाग येते," तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. "जाऊन गाडीत बसतो. सुरू नाही करत. नुसता बसतो." पुन्हा काही नाही. "वाटतं, पोरं अजून कशी आली नाहीत."

हार्डवेअरच्या दुकानात पोरं कुठून आली, असं माझ्या मनात आलं. डॉ. ॲश्बींच्याही आलं असावं. त्या पुटपुटल्या, पदरचं घालतोय, पण झकास घालतोय.

ट्वायला पुढं झुकली. "मिस्टर हॅलस्टॅड," ती म्हणाली.

डॉ. ॲश्बी ताठ बसल्या. नियम मोडला होता.

"मी वॉल्टर," ऑरिन म्हणाला.

"वॉल्टरचं नंतर बघू. पहाटे गाडीत कोण बसतं?"

आणि ती पुन्हा गप्प झाली. या खेपेला इतका वेळ, की काचेवर टकटक करून काहीतरी बोला रे असं सांगावंसं मला वाटलं. ऑरिननं स्वेटरची बाही खाली ओढली.

"मी," तो म्हणाला.

मग तिनं तो प्रश्न विचारला, जो आडून विचारायचा नाही असं आम्हाला शिकवलेलं असतं. "जीव द्यावासा वाटतो का?"

"नाही गं पोरी," ऑरिन म्हणाला. "एवढा उत्साह कुठनं आणू."

ती हसली नाही, पण तिचा आवाज सैल झाला. थंडी वाजते का, तिनं विचारलं. वाजते, म्हणाला, जून असो की जानेवारी. वजन? जेवण कमी आणि पँट मात्र घट्ट. पोट साफ होतं का, केस गळतात का, आवाज कधीपासून बसलाय? तो म्हणाला, म्हातारपण आहे, आणखी काय. तिनं त्याच्या भुवया जवळून बघितल्या. बाहेरच्या टोकाला त्या विरळ झाल्या होत्या. मग ती काचेकडे वळली.

"डॉ. ॲश्बी, मी इथंच थांबते. नापास केलंत तरी चालेल. यांना खरंच तपासायला हवंय, आणि ते मी करणं बरोबर नाही. मी यांच्या बसमध्ये दोनदा ओकलेली आहे."

ऑरिन खवळला. निदान त्याच्या त्या वेळच्या ताकदीत जितकं खवळता येईल तितका. बाहेरच्या बोळात त्यानं डॉ. ॲश्बींकडे तक्रार केली की आपण अभिनय करत होतो, आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम चाललं होतं आणि या पोरीनं भर रंगात पडदा पाडला. डॉ. ॲश्बी म्हणाल्या, अभिनय उत्तमच होता, पण रक्त तपासायला काय हरकत आहे? नंतर ब्लूबेरी पाय नावाची पेस्ट्री खिलवायच्या अटीवर तो जवळच्या दवाखान्यात यायला तयार झाला. पेस्ट्री मात्र अर्धीच खाल्ली आणि टेबलावरच डुलक्या घ्यायला लागला.

पुढचं मला ठाऊक आहे ते ऑरिननंच नंतर गावच्या कॅफेत सगळ्यांना सांगितलं म्हणून. त्याची थायरॉइडची ग्रंथी जवळजवळ संपावर गेली होती. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. महिन्या-दीड महिन्यात त्याचा चेहरा उतरला, म्हणजे सूज उतरली, आणि आवाज मोकळा झाला. त्याला वाटलं आता सगळं मिटलं. ट्वायलानं त्याला सांगितलं, "ती गोळी थायरॉइडची आहे. आर्डिसची नाही." तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. मग आपणहून शेजारच्या गावातल्या समुपदेशकाकडे जायला लागला, आणि शिशिरात वृद्ध केंद्राची व्हॅन चालवायला त्यानं सुरुवात केली. म्हाताऱ्या बायकांना दाराशी येऊन हॉर्न देतो म्हणून त्यांना भारी आवडतो.

ट्वायलाची त्या दिवशीची परीक्षा अपुरी धरली गेली. नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी तिला एक नवी बाई पेशंट म्हणून मिळाली. त्या बाईला पाठच धड नव्हतं, स्वतःचं खोटं नावही दोनदा विसरली. तरी ट्वायलानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि पास झाली. निघताना डॉ. ॲश्बींनी तिला दारात अडवलं.

"मी काल काचेमागं त्याच्या अभिनयाला टाळी वाजवायच्या बेतात होते," त्या म्हणाल्या. "तू कशावरून ओळखलंस?"

"ओळखलं कुठं," ट्वायला म्हणाली. "बोलायचं नाही म्हणून बघत बसले. बघितलं म्हणून दिसलं. बोलत असते तर मी त्याला आमच्या स्नोमोबिलची गोष्ट सांगून घरी पाठवला असता."

डॉ. ॲश्बींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या बाईंनी कुणाला हात लावल्याचं मी तेवढंच एकदा पाहिलं. गाडीत बसल्यावर ट्वायलाचा बांध फुटला आणि ती गावापर्यंत अखंड बोलत आली. माझे कान किटले, पण मी एकदाही अडवलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही दोघी शेवटची परीक्षा पास झालो. गावच्या दवाखान्यात आता आमच्या एकमेकींना लागून दोन खोल्या आहेत. तिच्या खोलीतून कधीकधी बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. सुरुवातीला मी घाबरून दार किलकिलं करून बघायची, आता नाही बघत. पेशंटांना नंबर लागायला बर्फाची वाट बघावी लागत नाही.

ऑरिनला विद्यापीठानं पुन्हा वॉल्टर व्हायला बोलावलं होतं. गुलाबी गालांनी तो गेला आणि उदास माणसाची मुलाखत चालू असताना त्यानं विद्यार्थिनीला दोन विनोद सांगितले. तिनं निदान केलं, प्रकृती उत्तम. तेव्हापासून त्याला उन्मादाच्या पेशंटची भूमिका देतात, एका दुपारी तीन बोटी विकत घेणाऱ्या माणसाची. त्यात तो इतका रंगतो की विद्यार्थ्यांना खोलीतून बाहेर पडू देत नाही. तरी कॅफेत बसला की ट्वायलाबद्दल कुरकुर करतोच. बाईनं मला बरं केलं, म्हणतो, पण माझ्यातला नट मारला. आणि कॉफी मागवतो, शेजारच्या टेबलावरच्या माणसासाठीसुद्धा.