नाल्याकाठचे पाच एकर

नानाजीने बैल थांबवले. त्याच्या गाडीत शेणखत भरलेलं होतं, आणि शेतात आधीच कोणीतरी खताचे ढीग टाकून ठेवले होते.

"कोणाचं होय हे?"

"जिनवाल्या शेठचं," दुसऱ्या गाडीवरून तानबा म्हणाला. तो शेठकडे सालदार होता. "औंदा नाल्यापर्यंत सारं वावर शेठच वाहून राह्यले. ट्रॅक्टरले वळाले जागा पाह्यजे, अन् तुये पाच एकर नेमके मधात येते."

"शेत मक्त्यानं मायाकडं हाये."

"होतं म्हन. मालकाले विचार जाऊन."

आंजीत नानाजीजवळ एवढंच शेत होतं, तेही दुसऱ्याचं, दरसाल पैसे भरून कसायला घेतलेलं. त्याची बायको कांता वारली त्याला चार महिने झाले होते. आता शेतही गेलं, तर सकाळी उठून जायचं कुठे, हे त्याला कळेना. भरली गाडी तशीच घरी आणून त्याने बैल सोडले. दुसऱ्या दिवशी तो सिंदी मेघेला महादेवरावांकडे गेला. महादेवराव कचेरीत कारकून, शेत त्यांचं.

"तुमच्याकडून कोणी आलंच नाही," महादेवराव म्हणाले. "मला वाटलं, शेत सोडलं. शेठचा माणूस दोनदा येऊन गेला. त्याला हो म्हटलं."

"कोन येनार साहेब? अकरा सालं झाले, शेत मायाचकडं हाये."

"अहो, दरसाल कांता येते ना!" महादेवरावांच्या पत्नी शोभाबाई आतून बाहेर आल्या. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. शेताचं पक्कं केल्याशिवाय उठतच नाही. यंदा काऊन नाही आली?"

नानाजीला हे ठाऊक नव्हतं. शेत आपोआप चालू राहतं, असंच तो समजत होता. त्याने दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"रुसली असेल," शोभाबाईच म्हणाल्या. "मागच्या साली मी बोलली तिला, तुरीच्या शेंगा किडक्या आणल्या म्हणून. पण एवढा राग!" मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "शेत यांच्याकडेच राहू द्या. शेठ बांध-धुरे मोडून सलग नांगरतो म्हणतात. उद्या आपलं कोणतं, ते तरी दाखवता येईल काय तुम्हाला?"

महादेवराव हसले.

"पैसे काही घेतले नाहीत अजून. चिठ्ठी पाठवतो शेठला, खत उचलून न्या म्हणून."

नानाजी ओसरीवर बसला. तोवर तो उभाच होता.

शोभाबाईंनी फडताळातून कुंकवाचा करंडा काढून त्याच्या हातात दिला.

"तिचं वाण. ठेवलं होतं मी बाजूला. अन् पुढच्या संक्रांतीला तीच आली पाहिजे. सांगजा तिला."

"हो," नानाजी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी शेठचे ढीग उचलले गेले. नानाजीने आपली गाडी शेतात रिकामी केली, बैल चरायला सोडले आणि धुऱ्यावर बसून भाकर खाल्ली. भूक चांगली लागली होती. तानबा वाटेवरून जाताना ओरडला, "जितला का बे?" नानाजीने हात वर केला.

कांता गेल्याचं शोभाबाईंना सांगायचं राहिलं होतं.