वऱ्हाडाची खेप

धरणाच्या फुगवट्यावर पूल झाला आणि कुसाबाईच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदा मोकळे दिवस आले. त्याआधी नवरा-बायकोपैकी एकानं तरी नावेजवळ असायलाच हवं. पलीकडच्या पाड्यावरची माणसं दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं, आजारी म्हातारं, कधी पाय बांधलेली शेळी असं काय काय घेऊन काठावर येऊन हाक मारायची, आणि हाक आली की हातातलं टाकून निघायचं. दोघांची जमीन धरणात गेली तेव्हाच तिच्या नवऱ्यानं, नाथानं, ही लाकडी नाव बांधून घेतली होती. पुढं तिला मागून इंजिन लावलं. वल्हवायला दोघंही शिकले, इंजिनाची दोरी ओढायलाही दोघंच.

दर वर्षी फेब्रुवारीत नाशिकला बोटींचं प्रदर्शन भरायचं आणि नाथा ते कधी चुकवायचा नाही. धुतलेला सदरा, इस्त्रीची टोपी, कळवणहून पहिली एसटी. त्या दिवशी नाव कुसाबाईकडे. संध्याकाळी परत आला की जेवता जेवता तो सांगत बसायचा. कुणी नवं इंजिन आणलं होतं, कुणी ते उघडून दाखवलं, गिरणेकडचा अमका भेटला, उजनीकडचा तमका भेटला. कुसाबाईला इंजिनाची फारशी गोडी नव्हती. पण त्या संध्याकाळी नाथाचा आवाज वेगळाच असायचा, एरवी घरात तो तसा ऐकायला मिळत नसे.

पूल झाल्यानंतर नाथा एकदाच प्रदर्शनाला गेला आणि दुपारीच परत आला. "काय राहिलं नाय तिथं," एवढंच म्हणाला. पुढच्या वर्षी गेलाच नाही.

यंदा मात्र कारण निघालं. रविवारी धरणावर पाहुणे यायला लागले होते. नाशिकची, मालेगावची माणसं गाड्या घेऊन यायची, नावेत बसवता का विचारायची. ग्रामपंचायतीनं सांगितलं, जॅकेटं घेतल्याशिवाय कुणाला पाण्यावर न्यायचं नाही.

"प्रदर्शनात मिळतील की," कुसाबाई म्हणाली. "मी पण येते. मी कुठं पाहिलंय अजून?"

"तिथं काय पाहायचंय? आता तिकीट लावलंय. उन्हाचं फिरवतेत नुसतं."

"फिरू की मग."

नाथानं आणखी दोन-चार कारणं काढली. गर्दी असते, बायामाणसांना बसायला जागा नसते, जॅकेटं कळवणलाही कुणीतरी मागवून देईल. कुसाबाईनं ती सगळी ऐकून घेतली आणि शनिवारी सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी राहिली.

प्रदर्शन गंगापूर रोडला एका लग्नाच्या लॉन्सवर होतं. कमानीला फुगे लावले होते. हिरव्या गालिच्यावर बोटी मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर कुणी ना कुणी चढून फोटो काढून घेत होतं. नाथा हात मागं बांधून भराभर चालत होता.

"आधी काठावर भरायचं," तो म्हणाला. "पाण्यात बांधलेल्या असायच्या बोटी. इंजिनं चालू करून दाखवायचे, धुरानं डोळे चुरचुरायचे. ज्याच्याकडं नाव आहे, तोच यायचा. आता बघ."

कुसाबाई बघत होती आणि तिला सगळंच आवडत होतं. एका बोटीवर चक्क सोफा होता, वर छत, कडेला चहा ठेवायला खळगे. पाण्यावर चालवायच्या फटफट्या होत्या. एक जुनी नाव मधोमध कापून उभी केली होती आणि तिला फळ्या मारून हॉटेलाचं कपाट केलं होतं. ते बघून नाथानं मान फिरवली. कुसाबाईनं जवळ जाऊन फळीवर बोट फिरवलं, लाकूड सागाचं आहे का बघितलं, आणि पुढं गेली.

ती प्रत्येक बोटीत चढली. गादी दाबून बघितली, तळाशी वाकून बघितलं. ॲल्युमिनियमचं वल्हं उचलून तोललं, ते इतकं हलकं होतं की तिला हसू आलं. एका फायबरच्या बोटीत तिनं तिथल्या पोराला विचारलं, "आत पाणी आलं तर काढायचं कुठून?" त्यानं तिला मागचं बूच काढून दाखवलं, हातपंप दाखवला, तो तिच्याकडूनच चालवून घेतला. कुसाबाईला हे फार पटलं. आमच्याकडं अजून डब्यानंच काढतो, असं तिनं त्याला सांगितलं. नाथा लांब उभा राहून घड्याळ बघत होता.

"जॅकेटं घेऊ अन् निघू," तो म्हणाला.

जॅकेटं रविराज यांच्या स्टॉलवर होती. हे नाशिकचेच, इंजिनांचे व्यापारी. प्रदर्शन सुरू झाल्यापासून दर वर्षी त्यांचा स्टॉल असायचा आणि नाथाच्या तोंडी त्यांचं नाव कुसाबाईनं शंभरदा ऐकलं होतं. नाथाला बघताच ते खुर्चीतून उठले.

"नाथाभाऊ, किती दिवसांनी. आम्हाला वाटलं विसरलात."

"नाय, कामं असतेत," नाथा म्हणाला. "ही घरची. जॅकेटं घ्यायचीत."

"वहिनी, नमस्कार. पहिल्यांदाच आलात ना? बसा." मग त्यांनी स्टॉलवर काम करणाऱ्या मुलीला हाक मारली. "वैष्णवी, इकडे ये. तुला सांगत होतो ना वऱ्हाडवाले नाथाभाऊ, ते हे."

"जॅकेटं दाखवा ना शेठ," नाथा म्हणाला.

पण रविराज सांगायला लागले होते. ऐन लग्नसराईत अवकाळी आली होती. पाड्यावर लग्न, आणि नवरदेवाचं वऱ्हाड अलीकडच्या काठावर. वऱ्हाड नावेत बसलं, नाव मधोमध गेली आणि आभाळ फुटलं. बोराएवढाल्या गारा. इंजिन बंद पडलं. बायका रडायला लागल्या, नवरदेव बाशिंगासकट खाली वाकून बसला. तेव्हा नाथाभाऊंनी काय करावं? नवरीला द्यायला नेलेल्या पितळी पराती होत्या, त्या माणसांच्या डोक्यावर धरायला लावल्या, वाजंत्र्यांच्या हातात जादा वल्ही दिली आणि ढोलाच्या ठेक्यावर वल्हवत सगळं वऱ्हाड पलीकडे नेलं.

"तळहाताची साल निघाली होती यांच्या," रविराज म्हणाले. "दोन दिवस हातानं घास घेता येत नव्हता. तुम्हाला तर माहीतच आहे, वहिनी."

कुसाबाईला माहीत होतंच. गारा पडल्या होत्या, पराती तिनंच धरायला सांगितल्या होत्या. ढोल वाजवणाऱ्याला ती ओरडली होती की रडण्यापेक्षा ठेका धर. साल निघाली ती तिच्याच तळहातांची. आणि नाथा त्या दिवशी इथं, या प्रदर्शनात होता.

तिनं नाथाकडं बघितलं. तो जॅकेटाचा पट्टा लावून बघत होता, काढत होता, परत लावत होता.

"आम्ही चहा घेऊन येतो," कुसाबाई म्हणाली आणि बाहेर पडली. नाथा मागोमाग आला.

गाड्या लावायच्या जागेजवळ एक चहाची टपरी होती. दोघं कट्ट्यावर बसले. कुसाबाईला नवऱ्याचा राग आला होता आणि तो कसा काढावा ते कळत नव्हतं. भांडणं त्यांची होत, पण ती जळणावरून, भावकीवरून. असल्या गोष्टीवरून भांडायची त्यांना सवय नव्हती.

"पहिल्या साली तुझंच नाव सांगितलं होतं," नाथा स्वतःहून म्हणाला. "देवाशपथ. त्याच्या पुढच्या प्रदर्शनाला आलो, चार नाववाले बसले होते, म्हटलं माझ्या मंडळीनं असं असं वऱ्हाड नेलं. एक जण म्हणाला, मग तू कशाला आलास, तिलाच धाडायची. सगळे हसले."

"मग?"

"मग पुढच्या साली कुणी नवा होता, त्याला सांगताना मीच नेलं असं बोलून गेलो. त्यावर कुणी हसलं नाय."

"अन् मग दरसाल तेच."

"दरसाल तेच विचारायचे. नाथाभाऊ, ती खेप सांगा. इथं दुसरं मला कोण ओळखत होतं? नवं इंजिन घ्यायची ऐपत नाय, मोठी नाव नाय. ती खेप सांगितली की माणसं उठून जागा द्यायची."

कुसाबाईनं चहा संपवला. त्या संध्याकाळचा तो वेगळा आवाज कुठून यायचा, ते तिला आता कळलं. पूल झाल्यावर तो का बंद झाला, तेही विचारायची गरज उरली नाही. गिरणेवाल्यानं नाव विकली होती, उजनीवाल्याचा मुलगा सगळं बघत होता. ती खेप सांग म्हणणारे एक रविराजच राहिले होते. राग होताच, पण त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं होतं. या माणसानं तिची गोष्ट पळवली होती खरी, पण नीट पळवली होती. पराती, ढोल, बाशिंग, एकही गोष्ट सांडली नव्हती. तळहातसुद्धा. ती घरी याबद्दल फार बोललीही नव्हती. तो परत आला तेव्हा तिनं फक्त हात दाखवले होते, बाकीचं त्यानं वऱ्हाडातल्या माणसांकडूनच गोळा केलं असणार. मग दोन दिवस त्यानं हळद-तेल लावलं होतं आणि जेवताना घास भरवला होता.

"चला," ती म्हणाली. "जॅकेटं घ्यायचीत ना."

स्टॉलवर वैष्णवी मोबाईल घेऊन तयारच होती. कंपनीच्या पानावर बोटवाल्यांचे अनुभव टाकायचे होते. "काका, तुम्ही ती वऱ्हाडाची गोष्ट सांगाल का? दोन मिनिटंच. इथं उजेड चांगला आहे."

"सांगा हो नाथाभाऊ," रविराज म्हणाले.

नाथा उजेडात जाऊन उभा राहिला. टोपी सारखी केली. मग कुसाबाईकडं बघितलं आणि म्हणाला, "तिला विचारा. नाव तिनं नेली होती. मी त्या दिवशी इथंच होतो, तुमच्या स्टॉलवर."

रविराज यांना आधी ती गंमत वाटली. मग त्यांनी कुसाबाईच्या तोंडाकडं बघितलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना भलत्याच माणसाचं नाव सांगत आलो?"

"हो शेठ," नाथा म्हणाला.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण थोडं लागलं होतं. त्यांनी आपली खुर्ची कुसाबाईपुढं सरकवली. नाथा उभाच राहिला. त्याला बस असं कुणी म्हणालं नाही.

वैष्णवीनं मोबाईल वळवला. "काकू, तुम्ही सांगा मग."

कुसाबाईनं सांगितलं. गारा आल्या, इंजिन बंद पडलं, वल्हवत नेलं, लग्न लागलं. तेवढ्यात सगळं संपलं.

"थोडं अजून सांगा ना काकू. भीती वाटली का?"

"वाटली की."

वैष्णवी वाट बघत राहिली. कुसाबाईला पुढं काय सांगावं ते सुचेना. जे झालं ते सांगून झालं होतं.

"अगं, पराती सांग," नाथा मागून हळूच म्हणाला. "अन् तो नवरदेवाचा मामा, बूट हातात घेऊन बसलेला."

"हो, तो मामा," कुसाबाईला आठवलं आणि ती सांगायला लागली. अडली की नाथा शब्द पुरवायचा, चुकला की ती त्याला थांबवायची. ढोल आधी वाजला की वल्ही आधी दिली यावर दोघांची मोबाईलसमोरच थोडी हुज्जत झाली. वैष्णवीनं मध्ये बोलणं सोडून दिलं.

"पण इंजिन बंद का पडलं होतं, वहिनी?" रविराज यांनी शेवटी विचारलं. ते नाथानं कधी सांगितलं नव्हतं.

"पेट्रोलात पाणी गेलं. टाकीचं झाकण नीट बसवलेलं नव्हतं."

"कुणी?"

"आदल्या दिवशी यांनी टाकी भरली होती. प्रदर्शनाला जायची घाई."

नाथा तिच्याकडं बघतच राहिला. "हे तू कधी बोलली नाय."

"तुम्ही हाताला तेल लावत बसला होतात," कुसाबाई म्हणाली. "तेव्हा कुठं झाकणाचं काढायचं."

रविराज मोठ्यानं हसले. नाथाला हसू यायला जरा वेळ लागला, पण आलं. वैष्णवीनं मोबाईल खाली केला आणि सांगितलं, शेवटचं तेवढं कापणार नाही.

जॅकेटं घासाघीस करून घेतली. मापं कुसाबाईनं निवडली, लहान मुलांची दोन जास्त घेतली. तो हातपंपही तिनं घ्यायला लावला. नाथानं डब्याचं काय वाईट आहे असं म्हणून पाहिलं, पण फार ताणलं नाही.

परतीच्या एसटीत नारिंगी जॅकेटांचं गाठोडं दोघांच्या मांडीवर मावत नव्हतं. वणी मागं पडली.

"रविवारी नाव कुणी न्यायची?" नाथानं विचारलं.

"मी नेते. तुम्ही पाहुण्यांशी बोला. तुम्हाला बोलायला येतं."

"काय बोलू?"

"काय बी सांगा. फक्त मी कुठं होते ते नीट सांगा."

नाथानं मान हलवली. खिडकीतून वारा येत होता, त्यानं काच ओढून घेतली आणि गाठोडं स्वतःच्या बाजूला घेतलं, म्हणजे तिला पाय लांब करता येतील.